ज्याचे दान, त्याचा वेळ
(बैठ्या खेळांतील पाळीचा शिष्टाचार आणि प्राथमिक शाळा या विषयावरील भाषण)



पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्याने ज्यांचे नित्य जाणेयेणे आहे, त्यांस कोथरूडची ओळख करून देण्याचे कारण नाही. एके काळी हे पुण्याबाहेरचे मळ्यांचे गाव होते. गावठाण आहे, म्हातोबाचे देऊळ आहे, मृत्युंजयेश्वराचे मंदिरही आहे. परंतु मळ्यांच्या जागी आता घरबांधणी संस्थांच्या इमारती उभ्या आहेत, आणि २०२२ च्या मार्चपासून वनाजहून मेट्रोही धावू लागली आहे. भूगाव, पिरंगुट, पौड या बाजूच्या शाळांतील कित्येक मुले मे महिन्याच्या सुटीत मामाकडे किंवा आत्याकडे म्हणून येतात, ती याच कोथरूडला. मुलांबरोबर पुष्कळदा गावाकडची आजीही येते. दुपारच्या उन्हात बाहेर पडण्याची सोय नसते. जेवणे आटोपली, झाकपाक झाली की बैठकीच्या खोलीत पट मांडला जातो. दुकानातून आणलेली सापशिडी, लुडो किंवा व्यापार. आणि आजीने मनावर घेतले तर फरशीवर खडूने आखलेले चल्लस-आठ. सुटीतल्या या डावाचा शाळेशी संबंध काय, असा प्रश्न येथे जमलेल्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो संबंध फार जवळचा आहे.

अशा एखाद्या डावाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. खेळावयास आजी आहे. भाजी निवडता निवडता खेळणारी मामी आहे. बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला मामेभाऊ आहे. गावाहून आलेली, तिसरीत जाणारी मुलगी आहे. आणि चार वर्षांचे एक शेंडेफळ मधेमधे पटावर लोळण घेत आहे. खेळ सापशिडीचा. मुलीची सोंगटी ३६ च्या घरात. तिला पाचाचे दान पडते. ती सोंगटीवर बोट ठेवून पुढे सरकू लागते. "सदतीस… अडतीस…" येथे ती थबकते. अडतीसनंतर काय, हे तिच्या ओठांवर येत नाही. 'एकोण' एवढे आठवते, पुढचे आठवत नाही. तेवढ्यात मामेभाऊ म्हणतो, "अगं, एक्केचाळीस! हे बघ, इथं," आणि स्वतःच्या हाताने तिची सोंगटी ४१ वर नेऊन ठेवतो. लगेच फासा उचलून आपले दान टाकतोही. कोणी रागावलेले नाही, कोणी रडलेले नाही. सोंगटी योग्य त्याच घरात गेली आहे. डाव पुढे चालू होतो.

मग नुकसान कोणाचे झाले?

त्याचे उत्तर देण्यापूर्वी, खेळातील पाळी म्हणजे काय, हे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. दान टाकणे, पडलेले दान वाचणे, कोणती सोंगटी चालवावयाची ते ठरविणे, घरे मोजणे आणि सोंगटी ठेवून हात काढून घेणे, ही पाच कामे मिळून एक पाळी पुरी होते. मोठ्या माणसाच्या हातून ही पाचही कामे इतक्या झटपट होतात की, त्याला ती एकच वाटतात. म्हणून तो समजतो की दान टाकले म्हणजे पाळी संपली, उरली ती नुसती हमाली. मुलाच्या बाबतीत नेमके उलटे असते. फासा टाकणे हा सर्वांत सोपा भाग; खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. वरील प्रसंगात मुलीला पाचांपैकी पहिले काम मिळाले, दुसरे मिळाले, चौथे अर्ध्यावर हिरावून घेतले गेले आणि पाचवे मिळालेच नाही. (तिसऱ्याचा सापशिडीत प्रश्न नसतो, कारण सोंगटी एकच असते. मुलांना सापशिडीनंतर चल्लस-आठ किंवा लुडो शिकवावा, याचे हेच कारण.)

जुन्या घरांतून पाळीचे काही संकेत असत आणि आजही अनेक घरांतून ते आहेत. ते कोणी लिहून ठेवलेले नाहीत. आजीच्या दरडावणीतून एका पिढीकडून दुसरीकडे येतात. फासा पटाबाहेर किंवा पलंगाखाली गेला, तर ते दान धरावयाचे की पुन्हा टाकावयाचे, हे डाव मांडतानाच ठरवून घ्यावे. दान पडल्यावर ठरवू नये, कारण तेव्हा प्रत्येकाचा न्याय आपापल्या सोंगटीकडे झुकलेला असतो. कवडी एखाद्या वस्तूला टेकून कलती राहिली, तरी तोच प्रश्न. सोंगटीवरचा हात उचलला की खेळी झाली. मग "नाही, नाही, ही नव्हती" म्हणून ती मागे घेणे हा रडीचा डाव. दुसऱ्याच्या सोंगटीस हात लावू नये, ती वाकडी झाली असेल तर "नीट करू का?" असे विचारून नीट करावी. विचारल्यावाचून खेळी सांगू नये. सोंगट्यांच्या डावात समोरासमोरचे दोघे भिडू असतात, तेथे भिडूने सुचवावे हे ठीक; परंतु एकेकट्याच्या खेळात सुचविणाऱ्याचे तोंड बंद असावे. सर्वांत अधिक वेळा मोडला जाणारा संकेत म्हणजे, पुढच्याने आधीच्याचा हात पटावरून निघेपर्यंत फाशाला हात घालू नये. घाईने फासा उचलणारा मनुष्य तोंडाने काही बोलत नाही, तरी त्याच्या हाताचे बोलणे पटाभोवतीच्या सर्वांना ऐकू येते. ज्याची पाळी चालू आहे, त्याला तर ते फारच मोठ्याने ऐकू येते.

याचा अर्थ बैठा खेळ गंभीर चेहऱ्याने, मौन पाळून खेळावयाचा असा मुळीच नाही. तसा खेळ घरी कोणी खेळत नाही आणि खेळूही नये. गप्पा हा त्या खेळाचा अर्धा भाग असतो. आजी दान टाकण्यापूर्वी कवड्या मुठीत खुळखुळवीत चुलत नणंदेच्या लग्नाची हकीकत पुरी करील, मामी कुकरची शिट्टी ऐकून उठून जाईल, दारावर कोणी येईल. मुलांनी यासाठी 'टाइमप्लीज' हा एक सुंदर शब्द केव्हाच मराठी करून घेतला आहे. तो म्हटला की जगाने थांबावयाचे, आणि मुलाने म्हटला तरी मोठ्यांनीही थांबावयाचे. जो डाव अर्ध्या तासात संपावा तो तासभर चालतो आणि कोणाला त्याचे दुःख नसते. जिंकण्यासाठी बसलेल्यांना ही चाल मंद वाटते. एकत्र बसण्यासाठी बसलेल्यांना ती योग्य वाटते.

तथापि मंदपणा दोन प्रकारचा असतो आणि तो ओळखता आला पाहिजे. एक मंदपणा पटावरचा. मोजणारे मूल, दोन सोंगट्यांपैकी कोणती चालवावी म्हणून ओठ चावणारे मूल, हात कापतो म्हणून सोंगटी हळू ठेवणारी आजी, ही सर्व मंद आहेत. पण त्यांचे मन पटावर आहे. दुसरा मंदपणा पटाबाहेरचा. हातात फोन घेऊन बसलेला काका, ज्याला दर पाळीस "काका, तुमचं दान" असे सांगावे लागते आणि जो दर वेळी "अं? कितीवर होतो मी?" असे विचारतो, तोही मंदच आहे. पहिल्याला वेळ देणे हे सर्वांचे कर्तव्य होय. दुसऱ्याला हाक मारणे हाही सर्वांचा अधिकार होय. घरोघरी होते ते मात्र विपरीत. मोजणाऱ्या मुलाला "चल लवकर" असे सुनावले जाते आणि काकांसाठी सगळे निमूट थांबतात, कारण काका मोठे.

हाक मारण्याचीही एक रीत आहे. "कोणाची पाळी आहे? झोपलात का सगळे?" असे मोघम ओरडण्याने ज्याचे लक्ष नाही त्याला काही कळत नाही आणि ज्याचे लक्ष आहे तो उगाच दचकतो. "आजी, तुझं दान गं" असे नाव घेऊन, एकदाच, साध्या आवाजात सांगावे. फासा त्या माणसाच्या हाताशी सरकवून ठेवणे हे तर हाक मारण्याहूनही चांगले. पुष्कळ कुटुंबांत फासा पुढच्याच्या हातात देण्याची पद्धत असते. ती फार शहाणपणाची आहे, कारण तिच्यामुळे पाळी कोणाची, हा प्रश्नच उद्भवत नाही.

स्पर्धेच्या बुद्धिबळाला घड्याळ लागले ते १८८३ साली, लंडनच्या स्पर्धेत. त्यापूर्वी खेळाडू एकेका खेळीस वाटेल तेवढा वेळ घेत आणि समोरचा कंटाळून हरे. तेव्हा घड्याळ आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु तो दोन तुल्यबळ प्रौढांचा सामना असतो. आजी आणि नात यांच्या डावात घड्याळ आणणे म्हणजे तराजूत डोंगर आणि मुंगी घालून न्याय करणे होय. त्या घड्याळाची खरोखर गरज आहे का, हे साध्या गणिताने पडताळून पाहता येते आणि ते गणित पाचवीच्या वर्गालाही घालण्यासारखे आहे.

चल्लस-आठचा पट म्हणजे पाच गुणिले पाच, असा पंचवीस घरांचा चौकोन. चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि मध्यावर फुली असते. आपल्या बाजूच्या फुलीपासून निघून सोंगटी बाहेरच्या रांगेने फिरते, मग आतल्या रांगेत शिरून उलट फिरते आणि मध्यावर जाऊन बसते. मोजून पाहिल्यास हा प्रवास २४ घरांचा भरतो, म्हणजे चार सोंगट्यांचा ९६ घरांचा. दानासाठी चार कवड्या असतात किंवा एका बाजूने दगडावर घासून पांढरे केलेले चार चिंचोके. जितके पांढरे वर, तितके दान. चारही पांढरे वर आले तर चार, आणि एकही न आले तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा दान टाकावयास मिळते. चिंचोक्याची दोन्ही अंगे सारख्याच वेळा वर येतात असे धरले, तर चार चिंचोके १६ प्रकारांनी पडू शकतात. त्यांपैकी चार प्रकारांत एक, सहांत दोन, चारांत तीन, एकात चार आणि एकात आठ. बेरीज ४०, म्हणजे सरासरी दान अडीचाचे. पुन्हा दान मिळण्याचा योग आठांत एकदा येतो. तो हिशेबात धरला की एका पाळीस पावणेतीनहून थोडी अधिक घरे पडतात. तेव्हा ९६ घरांसाठी एकेकास सुमारे ३४ पाळ्या लागतील आणि चौघांच्या मिळून १३६ होतील. (सोंगट्या मारल्या जातात, मध्याला नेमके दान लागते, आणि बहुतेक घरांत एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष डाव याहून लांबतो. पण अंदाजासाठी हे सोडून देऊ.) प्रत्येकाने पाळीस १५ सेकंद घेतले तर डाव ३४ मिनिटांचा होतो. आता त्यांतील एका मुलीने दुप्पट वेळ, म्हणजे ३० सेकंद घेतले असे समजा. ३४ पाळ्यांचे वाढीव १५ सेकंद म्हणजे ५१० सेकंद.

साडेआठ मिनिटे. संबंध दुपारीत एका मुलीच्या सावकाशपणाची किंमत एवढीच भरते, आणि तेवढ्यासाठी तिच्या हातातील सोंगटी काढून घेतली जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. ३६ वरून पाच पुढे जाताना मुलीने "सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस" असे म्हणणे आणि दुसऱ्याने तिची सोंगटी ४१ वर ठेवणे, यांत पटावर काही फरक दिसत नाही. फरक पडतो तो मुलीच्या ज्ञानात. अमेरिकेत गीता रामाणी आणि रॉबर्ट सीगलर या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरीब कुटुंबांतील बालवाडीच्या वयाच्या मुलांना एका ओळीत १ ते १० अंक लिहिलेल्या पटावर खेळविले. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका, म्हणजे अवघा एक तास. ज्यांनी अंकांचा पट खेळला त्यांचे संख्याज्ञान स्पष्टपणे सुधारले. ज्यांनी अंकांऐवजी रंगांच्या घरांचा तसाच पट खेळला त्यांचे सुधारले नाही. त्या खेळाचा एक नियम होता: सोंगटी पुढे नेताना मुलाने ज्या घरात पाऊल पडेल त्या घराचा अंक मोठ्याने म्हणावयाचा. पुढे २०१४ मध्ये एलिडा लास्की आणि सीगलर यांनी शंभर घरांच्या पटावर हेच तपासले. चालू घरापासून पुढचे अंक म्हणत जाणारी मुले, दर वेळी "एक, दोन, तीन" असे नव्याने मोजणाऱ्या मुलांपेक्षा अधिक शिकली. म्हणजे गुण नुसत्या पटात नाही. सोंगटी कोणाच्या बोटाखाली आहे आणि ओठांवर कोणता अंक आहे, यात आहे.

मराठी मुलाच्या वाटेत तर आणखी एक काटा आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या नावांत पुढच्या दशकाचे नाव आधीच येऊन बसते. अडतीसनंतर 'चाळीस' हा ध्वनी असलेला शब्द म्हणावयाचा, पण चाळीस म्हणावयाचे नाही, ही कसरत लहान नव्हे. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशा वाचनाची जोड दिली गेली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला, हे शिक्षकांस आठवत असेल. त्या वादात कोणीही कोणत्या बाजूला असो, अडचण खरी आहे. मुलगी अडतीसवर थबकते तेव्हा ती वेळ वाया घालवीत नसते. त्या क्षणी तिचा अभ्यास चाललेला असतो. दहा सेकंद थांबले असते तर ती कदाचित चुकली असती, "चाळीस" म्हणाली असती, घरावरचा ३९ हा आकडा पाहून थांबली असती आणि स्वतःच सुधारली असती. सापशिडीच्या पटावर आकडे छापलेले असतात ते यासाठीच. आणि हेच मामेभावाने शंभर वेळा केले, तर सुटीअखेर मुलगी सापशिडी उत्तम खेळते असे सर्व घर सांगेल, आणि जूनमध्ये तिला एकोणचाळीस येत नाही हे तिच्या गुरुजींना कळेल.

सापशिडीचा पूर्वज असलेल्या ज्ञानचौपटाच्या, मोक्षपटाच्या जुन्या पटांवर घराघरात सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे लिहिलेली असत. महाराष्ट्रात परंपरा या खेळाचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. इंग्लंडात तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेला आणि हळूहळू घरांतली नावे जाऊन नुसते आकडे राहिले. ज्या पटावर प्रत्येक घर वाचावयाचे आहे, त्यावर धावत सुटण्यात अर्थच नव्हता. मुलांना आकडे वाचीत चालावयास लावणे म्हणजे त्या जुन्या चालीकडेच जाणे होय.

पट म्हटला की काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. महाभारतातील द्यूत त्यांना आठवते. त्यांना सांगावे की, वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती फासे खेळत असल्याची शिल्पेही आहेत, आणि पण लावल्याशिवाय खेळलेला पट हा जुगार नव्हे. चिंचोके जिंकण्याचीही पैज नको. एवढे पुरे.

शाळेत या सगळ्याचे प्रतिबिंब कोठे दिसते? प्रश्नोत्तरांच्या तासाला. शिक्षकाने विचारलेला प्रश्न हे मुलाला पडलेले दानच असते. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीने वर्गांतील संभाषणांचे ध्वनिमुद्रण करून १९७४ साली दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतो. एका सेकंदात उत्तर आले नाही की तो प्रश्न पुन्हा म्हणतो, बदलतो किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतो. तेच थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढविले, तेव्हा उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागली, "माहीत नाही" म्हणणारी आणि गप्प बसणारी मुले कमी झाली, एरवी न बोलणारी मुले बोलू लागली. तीन सेकंद! मनातल्या मनात "एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल" म्हणावयास लागतो तेवढा काळ.

ज्या वर्गात शिक्षक थांबत नाही, तेथे मामेभावाचे काम करणारी दोनचार हुशार मुले असतातच. पुढच्या रांगेतून उत्तर येते, पाठ पुढे सरकतो, सोंगटी योग्य घरात जाते. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत तीन-चार इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला हे सोयीचे वाटल्यास त्याला दोष देता येत नाही. घड्याळ त्याच्याही मागे लागलेले आहे. परंतु २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास मूलभूत वाचन व संख्याज्ञान यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यातला 'प्रत्येक' हा शब्द सरासरीने भागत नाही. ज्या मुलीची सोंगटी रोज दुसरा कोणी चालवितो, तिचे नाव पटावर असते, हजेरीत असते. तिला काय येत नाही, हे मात्र कोणासच दिसत नाही, कारण तिचे अडणे दिसावे एवढा वेळ कोणी दिलेला नसतो. बोलताना अडखळणाऱ्या मुलाचे, नव्याने गावात आलेल्या ऊसतोडणी कामगारांच्या मुलांचे, घरी वेगळी बोली असलेल्या मुलांचे असेच होते.

चार वर्षांच्या शेंडेफळाला विसरून चालणार नाही. त्याच्यासाठी मराठी मुलांनी 'कच्चा लिंबू' ही पदवी ठेवली आहे. कच्च्या लिंबाला पाळी मिळते, दान मिळते. पण तो मेला तरी मरत नाही आणि जिंकला तरी जिंकत नाही. यापेक्षा सुज्ञ व्यवस्था कोणत्या शिक्षणशास्त्र्याने सुचविली असेल असे वाटत नाही. ज्याँ पियाजे याने १९३२ च्या आपल्या ग्रंथात गोट्या खेळणाऱ्या मुलांचे निरीक्षण मांडले आहे. साधारण सातआठ वर्षांपूर्वी मूल मोठ्यांच्या नियमांची नक्कल करते, परंतु खऱ्या अर्थाने एकमेकांत नियम पाळून खेळत नाही, असे त्याला आढळले. हे आपल्या मुलांनी ग्रंथ न वाचता ओळखले आहे. मात्र एक पथ्य पाळावे: आठ वर्षांच्या सावकाश मोजणाऱ्या मुलीला कच्चे लिंबू करू नये. तिला सवलत नको आहे; वेळ हवा आहे. मोठ्यांनी मुद्दाम हरणे हेही त्याच जातीचे. मुलांच्या ते ध्यानात येते आणि त्यांना त्याचा राग येतो.

२०२० च्या टाळेबंदीत लुडो घराघरात परतला, पण बहुतेक ठिकाणी तो फोनवर परतला. फोनवर दान यंत्र टाकते, घरे यंत्र मोजते, सोंगटी यंत्र चालविते. पुष्कळ खेळांत ठरलेल्या वेळात बोट न लावल्यास पाळीही निघून जाते. मन रमविण्यास ते पुरे आहे. पाळीच्या पाच कामांपैकी त्यात जेमतेम एक उरते.

शाळेत हे खेळ घ्यावयाचे तर खर्च नाही. पट ओट्यावर खडूने किंवा गेरूने आखावा. चिंचोके गावात हवे तेवढे. सोंगट्यांसाठी खडे, मणी, बाटल्यांची झाकणे, बांगड्यांचे तुकडे चालतात. (तुकड्यांच्या कडा दगडावर घासून घ्याव्यात.) एका पटावर चारांहून अधिक मुले बसवू नयेत, सहा बसली की पाळी येईपर्यंत लक्ष उडते आणि दंगा होतो, आणि मग दोष मुलांना दिला जातो. दानाचे चिंचोके पटामागे एकच संच असावा. माँटेसोरी पद्धतीच्या बालमंदिरांत प्रत्येक साधन एकेकच ठेवतात, ते टंचाईमुळे नव्हे. दुसऱ्याचे काम होईपर्यंत थांबणे मुलाला आपोआप यावे म्हणून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तीच दृष्टी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत स्थानिक साधनांनिशी आणली. चिंचोके हातातून हातात द्यावयाचे, जमिनीवरून उचलावयाचे नाहीत, एवढा एकच नियम सुरुवातीस सांगावा. बाकीचे नियम, कलत्या चिंचोक्याचे काय करावयाचे इथपासून, मुलांना डाव मांडण्यापूर्वी आपसात ठरवू द्यावेत आणि पाचवीच्या मुलांना ते पाटीवर लिहून काढण्यास सांगावे. मराठी लेखनाचा तो उत्तम पाठ होतो, कारण संदिग्ध लिहिलेल्या नियमावर दहा मिनिटांतच भांडण होते.

शिक्षकाने स्वतः त्या वेळी फेरी मारावी आणि हात मागे बांधावेत. मागे बांधलेले हात ही येथे खरोखरची सूचना आहे; ते मोकळे असले तर दुसऱ्याच पटावर कोणाची तरी सोंगटी सरकवतात. कोणते मूल अंकाशी अडते, कोणते दान वाचावयास शेजाऱ्याकडे पाहते, कोणाची सोंगटी सतत दुसराच चालवितो, एवढे तीन प्रश्न मनात ठेवून अर्धा तास पाहिले, तर चाचणीच्या कागदावर जे दिसत नाही ते दिसते. घरी सांगावयाचे ते पालकसभेत सांगावे, पण थोडक्यात: मुलाने मोजताना चूक केली तर "पुन्हा मोज" म्हणा, घर दाखवू नका.

शेवटी घंटेचा प्रश्न राहतो. तासिका चाळीस मिनिटांची असेल, तर डाव बहुधा अपुरा राहील. म्हणून तो मोडू नये आणि ज्याच्या सोंगट्या पुढे, तो जिंकला असेही जाहीर करू नये. मागे राहिलेल्याच्या पाळ्या अजून शिल्लक असतात. पट वहीत काढून घ्यावा, कोणाची सोंगटी कोणत्या घरात आहे ते लिहावे आणि खाली, उद्या पहिले दान कोणाचे, त्या मुलाचे नाव घालावे.